मुंबईची लावणी आणि मुंबईचे चित्र

मुंबई ज्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नाही अशी माणसे आमच्या मलकापुरात अजूनही सापडतील. पण मुंबईत ज्याचे कोणीच नाही असे घर मात्र शोधावे लागेल. (हे मलकापूर कराडला लागून असलेले, सातारा जिल्ह्यातले. बुलढाण्याकडचे नव्हे आणि शाहूवाडीचेही नव्हे. आमची पत्रे पुष्कळदा तिकडची हवा खाऊन येतात.) कोणाचा चुलता गिरणीत साचे सांभाळीत होता, कोणाचा मामा मशीद बंदरला पाठीवर पोती वाहत होता, कोणाचा भाऊ गोदीत होता. त्यामुळे मुंबईवरची कविता आम्ही वाचतो ती परक्या शहराची म्हणून नव्हे, घरातल्या माणसाचे पत्र वाचावे तशी. आणि मुंबईचे चित्र समोर आले की त्यात आपला माणूस कुठे दिसतो का, हे आधी शोधतो. ही रसिकाची रीत नव्हे, असे जाणकार म्हणतील. म्हणोत. जिच्यात आपले माणूस राबले त्या नगरीच्या चित्राकडे केवळ रंगसंगती म्हणून पाहणे मला तरी साधलेले नाही, आणि साधावे असेही वाटत नाही.

बदलत्या शहराचे चित्रण करायचे तर चित्र आणि कविता ही जोडी शेजारी बसवावी, म्हणजे एकीचे उणे दुसरी भरून काढील, हा विचार नवा नाही. इंग्लंडात टर्नर आपल्या चित्रांना प्रदर्शनाच्या यादीत कवितेच्या ओळी जोडीत असे. ब्लेकने तर कविता आणि चित्र एकाच पानावर कोरले. फ्रान्समध्ये मोनेने १८७२ साली ल हाव्र बंदरातली धुक्यातली सकाळ रंगवली आणि त्या एका चित्राच्या नावावरून चित्रकलेच्या एका पंथाला नाव मिळाले. आपल्याकडे विष्णुधर्मोत्तरात वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे मूर्ती घडवण्याची विद्या मागतो, तेव्हा ऋषी त्याला सांगतात की आधी चित्र शिकले पाहिजे, चित्रासाठी नृत्त, नृत्तासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गीत. म्हणजे मूर्तीचा रस्ता शेवटी गाण्याच्या दारात जातो. इतकी जुनी शिकवण घरात असताना मराठीत मात्र कवितेचे कपाट वेगळे आणि चित्राचे वेगळे. कवितेचा टीकाकार चित्रांवर बोलत नाही, चित्रांचा जाणकार कवितेला हात लावत नाही. अपवाद मर्ढेकरांचा. 'काही कविता' १९४७ साली देणाऱ्या या कवीने सौंदर्यशास्त्र मांडताना सर्व कलांना एकाच तत्त्वाने तोलले, आणि ते तत्त्व म्हणजे लय: संवादाची, विरोधाची आणि समतोलाची. त्यांची ही तिन्ही मापे मी पुढे सरळ उसनी घेणार आहे. परत करण्याची हमी देत नाही.

जर्मन पंडित लेसिंगने १७६६ सालीच बजावून ठेवले होते की चित्राचे राज्य अवकाशात आणि कवितेचे काळात. चित्राने एक क्षण धरावा, कवितेने क्षणामागून क्षण सांगावे. मुंबईपुरते बोलायचे तर हा कायदा दोन्हीकडून मोडावा लागतो. हे शहर एका क्षणात मावत नाही, आणि ते नुसते क्रमाने सांगितले तर ऐकणाऱ्याला शेवटी शहर दिसत नाही, याद्या उरतात.

आता आमच्या मातीतली एक गोष्ट. १८६६ साली वाळवे तालुक्यात कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्ष गावी श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले. कुलकर्ण्याचे दप्तर सोडून त्यांनी डफ-तुणतुण्याची संगत धरली आणि महाराष्ट्र त्यांना पठ्ठे बापूराव म्हणून ओळखू लागला. त्यानंतर वर्षभरात, १८६७ साली, कोल्हापुरात महादेव विश्वनाथ धुरंधर जन्मले. ते १८९० साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि आधी विद्यार्थी, मग शिक्षक म्हणून तिथेच उभे आयुष्य काढले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९४० साली आले. धुरंधर १९४४ साली गेले, बापूराव १९४५ साली. जन्म एका वर्षाच्या अंतराने, मृत्यूही दीड-एक वर्षाच्या अंतराने, गावे एका दिवसाच्या बैलगाडीच्या टप्प्यांवर. आणि दोघांच्याही कलेचा एक मोठा विषय एकच: मुंबई.

त्या दोघांच्या बालपणात मुंबई बंदराला आज ओळखीचा असलेला आकार येत होता. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८७५ साली ससून गोदी झाली, १८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक. गिरण्यांची सुरुवात त्याआधीच, १८५४ साली. कापूस आत यावा, सूत आणि कापड बाहेर जावे, आणि या ये-जा करणाऱ्या मालाखाली वाकण्यासाठी माणसे देशावरून आणि कोकणातून उतरावीत, अशी ही व्यवस्था.

बापूरावांच्या 'मुंबईच्या लावणी'त हे शहर एखाद्या नव्या पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. तो हिंडतो, थक्क होतो, जे दिसेल ते मोजतो, आणि सगळ्या शहराला रावणाच्या लंकेची उपमा देतो. या उपमेजवळ थांबले पाहिजे. ऐकणारा तमासगीर ती ऐकून खूश होतो, कारण लंका सोन्याची. पण ती लंका रावणाची आहे, हे कृष्णाकाठच्या श्रोत्याला सांगावे लागत नाही. रामायण त्याला पाठ असते. कौतुक आणि धास्ती एकाच उपमेत बसवण्याचे हे काम मोठे हिकमतीचे आहे. ज्यांना लावणी म्हणजे फक्त शृंगाराची फोडणी वाटते त्यांनी ही लावणी पुन्हा एकदा सावकाश ऐकावी.

धुरंधरांकडे वळले की तीच रीत चित्रात दिसते. ते मोठी पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रे रंगवीत, पण मला त्यांचे खरे सामर्थ्य त्यांच्या भरभर काढलेल्या रेखाटनांत दिसते. नऊवारीचा काष्टा कसा बसतो, कोळणीचे लुगडे आणि पारशिणीची साडी यांत कमरेपाशी काय फरक पडतो, डोक्यावर ओझे असले की मान कोणत्या कोनात ताठ राहते, हे त्या रेषेला न बघता ठाऊक आहे. बापूराव शब्दांनी यादी करतात, धुरंधर आकृत्यांनी. दोघेही शहराला गर्दी म्हणून पाहत नाहीत. वेगवेगळ्या चालींची, वेगवेगळ्या पोशाखांची माणसे म्हणून पाहतात. मर्ढेकरांच्या भाषेत ही संवादलय झाली. हे दोघे एका पुस्तकात समोरासमोरच्या पानांवर आले असते तर मराठीला मुंबईचे एक अजोड पुस्तक मिळाले असते.

प्रत्यक्षात काय झाले? १९१२ साली 'बायवेज ऑफ बॉम्बे' हे पुस्तक धुरंधरांच्या चित्रांसह निघाले. लेखक एस. एम. एडवर्ड्स, सनदी अधिकारी, आणि त्या वेळी मुंबईचे पोलीस कमिशनर. मोहरम, गणेशचतुर्थी, सिद्दी लोक, अफूचे अड्डे, रात्रीच्या गल्ल्या असे त्याचे विषय. पुस्तक वाईट नाही. एडवर्ड्सला शहराविषयी कुतूहल आहे, माहितीही आहे. पण ती माहिती कंदील घेऊन गस्त घालणाऱ्याची आहे. गल्लीतला माणूस त्याच्याकडे वळून पाहत नाही, कारण पाहण्याचा अधिकार एकाच बाजूला आहे. धुरंधरांची चित्रे या मजकुराशेजारी बसली की तीही थोडी 'नमुने' होतात: हा अमुक जातीचा, ही तमुक प्रांताची. तीच रेषा लावणीशेजारी बसती तर नमुना न होता पात्र झाली असती. चित्र कोणत्या शब्दांशेजारी टांगले आहे यावर त्याचा अर्थ किती पालटतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. म्हणून जोडी लावणे हे सजावटीचे काम नाही. ते अर्थाचेच काम आहे आणि त्यात अन्यायही होऊ शकतो.

२०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले. चित्रे डोळे भरून पाहावीत अशी. पण लावणी तिथे मला माझ्या मनातच म्हणून घ्यावी लागली. आणि रखवालदार जवळ असल्याने तीही हळूच.

बापूरावांच्या गावापासून जवळच, त्याच वाळवे तालुक्यात, वाटेगाव आहे. अण्णाभाऊ साठे यांचा जन्म तिथला, १ ऑगस्ट १९२० चा. लहानपणी ते वडिलांबरोबर वाटेगावाहून मुंबईला चालत गेले. रेल्वेच्या किंवा मोटारीच्या खिडकीतून शहर दिसते ते एकदम. चालत जाणाऱ्याला ते हळूहळू, पायाखालून कळते. मला नेहमी वाटते की अण्णाभाऊंच्या मुंबईत जी जमिनीची जाण आहे ती या चालण्यातून आली असावी. गिरणीकाम, कोळसे वेचणे, माटुंग्याची लेबर कॅम्प, घाटकोपरची चिरागनगर झोपडपट्टी, असे हे आयुष्य. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. 'फकिरा' ही कादंबरी १९५९ ची.

अण्णाभाऊंनीही 'मुंबईची लावणी' लिहिली. तिला बापूरावांच्या लावणीचे उत्तर म्हणतात, आणि ते खरे आहे. पण फक्त आशयाच्या बाजूने नव्हे. बापूराव शहर आडवे पाहतात, रस्त्याने चालत, एकामागून एक. अण्णाभाऊ ते उभे पाहतात. वर मलबार हिलची वस्ती, खाली परळाकडची. वर उजेड आणि आराम, खाली घाम आणि दाटी. चित्रकार कागदावर आधी वरचा भाग आणि खालचा भाग ठरवतो, तसे इथे कवीने केले आहे. ज्याने चित्रकलेचे धडे कधी घेतले नाहीत त्या शाहिराने शहराची रचना चित्रकाराच्या पद्धतीने मांडली, आणि कलाशाळेत शिकलेल्या धुरंधरांनी ती शाहिराच्या पद्धतीने, पात्रामागून पात्र आणीत मांडली, ही अदलाबदल मला मोठी गमतीची वाटते. लेसिंगचा कायदा इथे दोन्ही बाजूंनी मोडला आहे.

पण अण्णाभाऊंची खरी थोर रचना 'माझी मैना' ही छक्कड. मुंबईत आलेला कामगार गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिचे रूप, तिचे दागिने, निघतानाची तिची समजूत. मग मुंबईचे वर्णन येते. आणि मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ येते, आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हे बाहेर राहिलेले मुलूख त्या मैनेच्या जागी जाऊन बसतात. घरची बाई आणि तुटलेला प्रदेश यांचे हे एकरूप होणे इतके सहज घडते की ऐकणाऱ्याला सांधा दिसत नाही. आमच्या भागात ज्या बायकांचे नवरे वर्षातून एकदा जत्रेला येत, त्या ही छक्कड राजकारणासाठी ऐकत नसत. मुंबईचे हे चित्र असे आहे की त्याच्या मधोमध एक रिकामी जागा आहे, आणि ती जागा आमच्या गावात आहे. रंगात अशी रिकामी जागा कशी दाखवायची? चित्रकलेला हे आव्हान आहे, आणि ते कोणी पुरते पेलले आहे असे मला आढळले नाही.

तरी अण्णाभाऊंच्या शेजारी कोणाला बसवायचे असेल तर मी चित्तप्रसाद भट्टाचार्य यांना बसवीन. हा बंगाली चित्रकार १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात पायी हिंडून उपाशी माणसांची रेखाटने करून मुंबईला आला आणि पुढे अंधेरीला राहिला; १९७८ साली वारला. मुंबई बंदरातल्या नाविकांच्या १९४६ च्या उठावावर त्याने चित्रे केली. त्याचे आवडते माध्यम लिनोकट. लिनोलियमच्या तुकड्यावर धारदार हत्याराने कोरायचे, शाई लावायची, कागदावर दाबायचे, आणि एकाच ठशातून पाहिजे तितक्या प्रती काढायच्या. काळे आणि पांढरे. मधली लाडीगोडी नाही. छक्कडीचा जो धर्म तोच या ठशाचा: स्वस्त, ठसठशीत, लांबवर पोचणारा. दोघांचे राजकीय घरही एकच होते. अण्णाभाऊंची छक्कड तंबूतून, मैदानातून, माणसांच्या तोंडून वाळव्या-कराडला पोचली. चित्तप्रसादांचा ठसा पोचण्यासाठीच बनवलेला असूनही माझ्या लहानपणी आमच्या गावात एकाही भिंतीवर नव्हता. इथे मला माझी खरी तक्रार मांडायची आहे. मुंबईची कविता आमच्याकडे आली आणि मुंबईचे चित्र मुंबईतच राहिले. जिच्यासाठी घरटी माणूस दिला त्या नगरीची अर्धीच प्रतिमा आमच्या हाती आहे, आणि ती कानांनी मिळालेली आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मुंबई हे बंदर. पण आमच्या बाजूच्या कवितेत बंदर दिसते ते जमिनीच्या अंगाने. कोकणातला माणूस बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरे. त्याला शहर समुद्रातून उगवताना दिसे. घाटावरचा माणूस मागच्या दाराने आला. त्याने समुद्र पाहिला तो गोदामाच्या पलीकडे, पोत्याखालून, मान वळेल तेवढाच. नारायण सुर्वे यांची 'मुंबई' नावाची कविता आठवावी: तिथे बाप सह्याद्री उतरून खांद्यावर घोंगडी घेऊन या शहराच्या दाराशी उभा राहतो. सुर्वे स्वतः जन्मतःच अनाथ, गिरणी कामगाराने उचलून वाढवलेले. त्यांना कोणता डोंगर उतरावा लागला नव्हता. तरीही त्यांनी शहराचा उंबरठा दाखवायला समुद्र निवडला नाही, सह्याद्री निवडला. ही निवड हजारो घाट्यांची साक्ष आहे.

ओझे वाहणाऱ्या या माणसाला कायद्याने नाव मिळाले ते १९६९ साली, माथाडी कायद्याने. त्यासाठी झगडणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, म्हणजे पुन्हा आमच्याच खोऱ्यातले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टायकिन' जहाज स्फोटाने उडाले, तेव्हा गोदीत आणि गोदीबाहेर जे गेले त्यांत अशी कितीतरी ओझेवाली माणसे होती. माझ्या थोरल्या चुलत्यांनी तो आवाज मशीद बंदरच्या गोदामात ऐकला. पुढे ते त्याविषयी फारसे बोलत नसत. दिवाळीला गावी आले की फटाके वाजताना मात्र माजघरात जाऊन बसत. चुलत्यांच्या हातातला तो लोखंडी हूक, पोत्याला अडकवायचा, आमच्या घरी अजून आहे. मुंबईच्या चित्रांत मी तो हूक शोधत आलो आहे.

सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' १९६६ साली आले आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांतच सुधीर पटवर्धन यांची मोठी चित्रे दिसू लागली. पटवर्धन पुण्यात १९४९ साली जन्मलेले; शिक्षण वैद्यकाचे, व्यवसाय क्ष-किरण तपासणीचा, ठाण्यात. कलाशाळेत ते गेले नाहीत. डॉक्टर असूनच शहर रंगवणारा, शिवाय इंग्रजीत कविता लिहिणारा दुसरा एक मुंबईकर म्हणजे गिव्ह पटेल. त्यांचे २०२३ साली निधन झाले. रोज्याच्या रोज दुसऱ्याच्या दुखण्याकडे पाहणाऱ्या माणसाला शरीर खोटे रंगवता येत नसावे. पटवर्धनांच्या १९७७ च्या 'इराणी रेस्टॉरंट'मधला माणूस पाहा: तो देखणा नाही, दयनीयही नाही. तो बसला आहे. बस्स. सुर्व्यांच्या कवितेतला कामगारही असाच, कोणाच्या कणवेची वाट न पाहणारा.

पण मला जोडी लावायची आहे ती त्यांच्या २००१ च्या 'लोअर परळ' या चित्राशी. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. तो रीतसर संपला असे कोणी सांगत नाही, गिरण्या संपल्या. परळची धुराडी थंड झाली आणि त्यांच्या जमिनीवर मनोरे चढू लागले. पटवर्धन या भागाकडे उंचावरून पाहतात. पूल, चाळी, धुराडी, नव्या इमारती, सगळे एकाच कॅनव्हासवर. आणि डोळा एका जागी उभा राहत नाही, चित्रात फिरावे तसे दृश्य थोडे वळत जाते. त्यामुळे काल आणि आज एकाच वेळी दिसतात. कवितेला इथे 'होते' आणि 'आहे' अशी दोन क्रियापदे लागली असती. चित्राने ती शेजारी ठेवून दिली. मर्ढेकरांची विरोधलय हीच. आणि कवितेपेक्षा चित्र वरचढ ठरते ते इथे, हे कवितेच्या बाजूचा माणूस असून मी कबूल करतो. सुर्व्यांच्या कामगाराचा आवाज बुलंद आहे, पण त्याचा काळ पुढे जाणारा आहे. उद्या आपला आहे या भरवशावर तो उभा आहे. तो उद्या आला तेव्हा काय झाले हे 'लोअर परळ' दाखवते. दोन्ही शेजारी ठेवले की कविता खोटी ठरत नाही. तिची किंमत काय मोजली गेली ते कळते.

पटवर्धनांच्या एकंदर कामाचे प्रदर्शन २०१९ च्या अखेरीस मुंबईत झाले, त्याचा पुष्कळ गाजावाजा झाला आणि तो योग्यच होता. मलकापुरात आम्ही त्याच्या तोडीचे काही करू शकत नव्हतो. गणपतीच्या मांडवात मी मासिकांतली आणि पुस्तकांतली काही चित्रे मोठी करून लावली, आणि एका तरुणाने अण्णाभाऊंची छक्कड म्हटली. छक्कड संपल्यावर एक निवृत्त माथाडी, वयाने पंचाहत्तरीच्या पुढचे, परळच्या चित्रासमोर बराच वेळ उभे होते.

"कसे काय वाटले, तात्या?" मी विचारले.

"गुरुजी, ह्यो पूल वळखीचा हाय," ते म्हणाले. "बरुबर काढलाय. पर आमची खोली ह्यात न्हाई." आणि त्यांनी चौकटीच्या उजवीकडे, मांडवाच्या कापडावर, वीतभर अंतरावर बोट ठेवले. "हितं कुठंतरी."

चित्रसमीक्षेच्या पुस्तकांत चौकटीविषयी पुष्कळ वाचले होते. हे त्यांत नव्हते. चित्र संपते तिथून आपले घर सुरू होते, असे ज्याला वाटते त्याने ते चित्र खरे मानले आहे. त्या चित्रकाराला याहून मोठी पावती कोणती असणार? तरी माझ्या मनात हेही आले, की वीतभर अंतर ओलांडायला कविता हवी होती, आणि ती नुकतीच मांडवात म्हटली गेली होती. नाहीतर तात्यांनी बोट ठेवले असते की नाही कोण जाणे.

एकाच हाताने चित्र आणि कविता साधणारे थोडे. अरुण कोलटकर हे त्यांतले अव्वल. जन्म कोल्हापूरचा, पेशा जाहिरातीतल्या दृश्यकलेचा, कविता मराठीतही आणि इंग्रजीतही. त्यांचे 'काळा घोडा पोएम्स' २००४ साली आले. त्याच वर्षी सप्टेंबरात ते गेले. फोर्टातल्या एका उपाहारगृहाच्या खिडकीशी बसून वर्षानुवर्षे पाहिलेला एक चौक, एवढाच त्या पुस्तकाचा विषय. गंमत अशी की ज्या घोड्यामुळे चौकाला नाव पडले तो राजपुत्राचा पुतळा १९६५ सालीच तिथून हलवून राणीच्या बागेत ठेवला होता. कोलटकर त्या नसलेल्या घोड्याच्या नावावर जी माणसे रंगवतात ती झाडणारी, भीक मागणारी, उकिरडा उपसणारी. दृश्य इतके काटेकोर आहे की शेजारी चित्र लावण्याची गरज नाही. लावले तर अडचणच होईल. म्हणजे जोडी सर्वत्र लावावी असा माझा आग्रह नाही. (२०१७ साली त्या चौकात नवा घोडा बसवला गेला, स्वाराशिवायचा. कोलटकरांनी त्यावर काय केले असते, या विचाराने मला कधी कधी हसू येते.) नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'विषयी दिवाळीच्या फराळाबरोबर लिहिणे काहींना रुचणार नाही, पण मुंबईच्या कवितेचा विचार तो ग्रंथ टाळून करता येत नाही, एवढे म्हणून ठेवतो. त्याच्या तोडीचे चित्र माझ्या पाहण्यात नाही.

पटवर्धनांनी २०१४ साली 'मुंबई प्रोव्हर्ब्स' नावाचे सात भागांचे मोठे चित्र केले. त्यात शहराचा इतिहास एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जातो, आणि पाहणाऱ्यालाही चालावे लागते. म्हणजे बापूरावांची आडवी लावणीच ही, शंभर वर्षांनी रंगात उतरलेली. फक्त या वेळी पाहुण्याला लंका कोणाची हे आधीच ठाऊक आहे. समतोललय म्हणतात ती मला इथे जवळ आलेली दिसते: वैभव आणि त्याची किंमत, दोन्ही पारड्यांवर. तरी माझा हूक मला तिथेही सापडला नाही. शोधणाऱ्याचा हा हट्ट आहे, टीकाकाराचा निकाल नव्हे.

दरम्यान बंदरच उठून गेले. १९८९ साली खाडीपलीकडे न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि बहुतेक पेट्यांचा माल तिकडे वळला. घाऊक बाजार वाशीला गेले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्यांतले पाणी हटवून भर घातली गेली. ज्या पाण्यात 'फोर्ट स्टायकिन' उभे होते तिथे आता जमीन आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून न्हाव्याकडे जाणारा समुद्रावरचा पूल खुला झाला. मलकापुरावरून हमरस्त्याने रात्री जे ट्रक मुंबईकडे जातात त्यांतले पुष्कळसे खुद्द मुंबईत शिरतच नाहीत. या नव्या बंदरात लोखंडी पेट्या यंत्रे उचलतात. पाठीवर पोते नाही, हातात हूक नाही, आणि माणूस दिसतो तो फार उंचावर, काचेच्या खोलीत, एकटा. त्याच्यावर कोणी लावणी रचली असेल, किंवा त्याचे चित्र कोणी काढले असेल, तर वाचकांनी संपादकांच्या पत्त्यावर जरूर कळवावे. पुढच्या गणपतीत मांडवात लावायला मला ते हवे आहे.